अक्षर वाटेत कुठे थांबतं?

सी शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य लॅबमध्ये पाहिलेलं असतं. पहिल्या वर्षाची एक मुलगी, समोर साधासा प्रोग्राम. तो आधी एक आकडा विचारतो आणि मग विचारतो, ‘आणखी आकडा द्यायचा आहे का? वाय किंवा एन.’ ती २५ लिहून एंटर दाबते. दुसरा प्रश्न पडद्यावर उमटतो आणि उत्तराची वाट न बघताच प्रोग्राम संपतो. ती पुन्हा चालवते, पुन्हा तेच. कोड तर ओळ न् ओळ बरोबर आहे. शेजारचा मुलगा सांगतो, “अगं, मध्ये एफफ्लश टाक आणि कंसात स्टँडर्ड इनपुट लिही, मग चालतं.” ती टाकते आणि खरंच चालतं. जर्नल पूर्ण होतं, त्यावर सही होते. आधी का चालत नव्हतं आणि आता का चालतंय, हे तिला कोणीच सांगत नाही. पुढे तोच प्रोग्राम ती लिनक्सवर नेते आणि जुना घोळ जसाच्या तसा परत येतो.

वर्षानुवर्षं हे पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. अक्षर आत घेणं आणि बाहेर टाकणं हा सी भाषेतला सर्वांत प्राथमिक धडा आपण तोडग्यांच्या यादीसारखा शिकवतो. इथे ‘गेटसीएच’ लिहा, तिथे एफफ्लश लिहा. अक्षर कळीपासून प्रोग्रामपर्यंत कोणत्या वाटेने येतं आणि वाटेत कुठे थांबतं, हे मात्र सांगत नाही. त्यामुळे ‘बिनबफर’ म्हणजे थेट, आणि थेट म्हणजे चांगलं, अशी समजूत मुलांच्या डोक्यात घर करते. ही समजूत चुकीची आहे. बफर, म्हणजे अक्षरं वाटेत थांबवून ठेवण्याची जागा, कधीच नाहीसा होत नाही, त्याचं फक्त ठिकाण बदलतं. आणि तो ज्याच्या हातात जातो, जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडते.

आधी त्या मुलीच्या प्रोग्रामचं काय झालं ते पाहू. तिने तीन अक्षरं पाठवली होती: २, ५ आणि एंटरचं ‘नवी ओळ’ हे अक्षर. ‘स्कॅनएफ’ला आकडा हवा होता. त्याने २ घेतला, ५ घेतला, पुढचं अक्षर आकड्यातलं नाही असं पाहिलं आणि ते तिथेच सोडलं. दुसऱ्या ‘स्कॅनएफ’ला एक अक्षर हवं होतं. ते तर दारातच उभं होतं, तेच नवी ओळ. त्याने ते उचललं. ते ‘वाय’ नव्हतं, म्हणून प्रोग्राम संपला. संगणकाने त्याला सांगितलेलं काम चोख केलं होतं.

एफफ्लशचा तोडगा फसवा आहे, कारण सी भाषेच्या मानकाने हे फंक्शन बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी ठेवलं आहे. इनपुटच्या प्रवाहावर ते वापरलं तर काय होईल, याची मानक कसलीही हमी देत नाही. काही कंपायलरांनी त्याचा अर्थ ‘शिल्लक अक्षरं फेकून द्या’ असा लावला, काहींनी काहीच केलं नाही. खरा उपाय साधा आहे. अख्खी ओळ ‘एफगेट्स’ने वाचायची आणि मग ‘एसस्कॅनएफ’ने तिच्यातून हवं ते काढायचं. किंवा दुसऱ्या ‘स्कॅनएफ’च्या अवतरणात टक्क्याच्या आधी एक मोकळी जागा सोडायची, म्हणजे तो आधीच्या रिकाम्या जागा आणि नव्या ओळी ओलांडून पुढे जातो. पण हे उपायसुद्धा वाट न समजता पाठ केले, तर तेही तोडगेच ठरतात.

म्हणून वाट पाहू. युनिक्स आणि सी यांचा जन्म १९७०च्या आसपास अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, बेल लॅब्समध्ये झाला. त्या काळी संगणकाशी बोलायचं ते टेलिटाइपवरून. मॉडेल ३३ हे त्यातलं प्रसिद्ध यंत्र. ते सेकंदाला दहा अक्षरं कागदावर ठोकायचं. कागदावर ठोकलेलं अक्षर पुसता येत नाही. मग चूक दुरुस्त कशी करायची? सुरुवातीच्या युनिक्समध्ये त्यासाठी एक खूण होती. ‘हॅश’ दाबला की आधीचं एक अक्षर रद्द, ‘अ‍ॅट’चं चिन्ह दाबलं की अख्खी ओळ रद्द. ही दुरुस्ती प्रत्येक प्रोग्रामने स्वतः करायची म्हटलं असतं, तर प्रत्येकाला तेच काम पुन्हा लिहावं लागलं असतं आणि प्रत्येकाची रीत वेगळी झाली असती. म्हणून ते काम कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, आपल्याकडे घेतलं. माणूस लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. कर्नल हे सगळं धरून ठेवतो आणि एंटर दाबल्यावरच पक्की ओळ प्रोग्रामच्या हाती देतो. युनिक्सवाले या रीतीला ‘कुक्ड’, म्हणजे शिजवलेली रीत म्हणतात, आणि प्रत्येक अक्षर जसंच्या तसं पुढे देण्याला ‘रॉ’, म्हणजे कच्ची.

हा झाला पहिला थांबा. आपण दाबलेलं अक्षर पडद्यावर दिसतं, तेही याच थांब्यावरून परत आलेलं असतं. कळ दाबली म्हणून अक्षर आपोआप उमटत नाही. कर्नल त्याची प्रत परत पाठवतो, तेव्हा ते दिसतं. पासवर्ड लिहिताना काहीच दिसत नाही, कारण त्या वेळी प्रोग्रामने कर्नलला ही प्रत पाठवू नको असं सांगितलेलं असतं.

दुसरा थांबा सी भाषेच्या लायब्ररीत आहे. माइक लेस्क यांनी बेल लॅब्समध्ये इनपुट-आउटपुटचा एक संच लिहिला होता. त्यावर पुढे काम होऊन आजची ‘स्टँडर्ड आय-ओ’ लायब्ररी तयार झाली. कर्नलकडे दर वेळी एकेक अक्षर मागायला जाणं महाग असतं, म्हणून ही लायब्ररी एकदम मोठा घास आणते, आपल्याजवळ ठेवते आणि ‘गेटचार’ने मागितलं की त्यातलं एकेक देते. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकात, आठव्या प्रकरणात, ‘गेटचार’ दोनदा लिहून दाखवलं आहे. एकदा प्रत्येक अक्षरासाठी कर्नलकडे जाणारं, आणि एकदा मोठा घास आणून त्यातून वाटणारं. ती दोन छोटी फंक्शनं शेजारी ठेवून वाचली की या विषयाचा अर्धा भाग कळतो.

थांबे दोन आहेत हे माहीत नसल्याने होणारी चूक मी अनेकदा पाहिली आहे. मुलाला कळ दाबताक्षणी अक्षर हवं असतं. तो ‘सेटव्हीबफ’ने इनपुटचा बफर बंद करतो आणि तरीही प्रोग्राम एंटरसाठी अडून राहतो. मुलगा बुचकळ्यात पडतो. त्याने दुसरा थांबा काढला होता, अक्षर मात्र पहिल्यावर अडलं होतं. युनिक्स आणि लिनक्सवर पहिला थांबा हटवायचा तर ‘टर्मिऑस’च्या मार्गाने कर्नललाच सांगावं लागतं. ‘आयकॅनॉन’ हा ध्वज खाली करायचा, हवं तर ‘एको’ही खाली करायचा, ‘व्हीमिन’ एक आणि ‘व्हीटाइम’ शून्य ठेवायचा.

डॉसवर चित्र वेगळं होतं. बोरलँडच्या टर्बो सीमध्ये ‘कॉनआयओ’ या हेडर फाइलमधलं ‘गेटसीएच’ हे फंक्शन लायब्ररीचा बफर आणि ओळीची दुरुस्ती, दोन्ही टाळून डॉसकडून एकच अक्षर मागायचं. एंटरची गरज नाही, पडद्यावर उमटणं नाही. एकाच माणसासमोरच्या एकाच यंत्रावर ते सोयीचं होतं. पण आपल्याकडे ते भलत्याच कामासाठी रुजलं. टर्बो सीच्या खिडकीतून प्रोग्राम चालवला की तो संपताच पडदा पुन्हा संपादकाकडे जायचा आणि उत्तर दिसेनासं व्हायचं. म्हणून शेवटची ओळ ‘गेटसीएच’. कित्येक पिढ्यांनी ही ओळ सी भाषेचाच भाग समजून लिहिली. ‘कॉनआयओ’ सीच्या मानकात कधीच नव्हतं, हे अनेकांना नोकरीच्या पहिल्या वर्षात कळलं.

आता बाहेर जाणाऱ्या अक्षरांकडे वळू. इथे तीन रीती आहेत. पश्चिम महाराष्ट्रातली वडाप जीप सीट भरल्याशिवाय सुटत नाही, तो पूर्ण बफर. एसटी कंडक्टरने घंटी दिली की सुटते, मग गाडी अर्धी रिकामी का असेना. तो ओळीचा बफर, आणि ‘नवी ओळ’ हे अक्षर म्हणजे ती घंटी. प्रत्येक प्रवाशासाठी वेगळी रिक्षा, तो बिनबफर. सीची लायब्ररी यातली रीत समोर कोण आहे ते पाहून ठरवते. समोर माणसाचा टर्मिनल असेल तर सहसा ओळीचा बफर, फाइल किंवा दुसरा प्रोग्राम असेल तर पूर्ण बफर. चुकांचे संदेश ज्या प्रवाहातून जातात, तो स्टँडर्ड एरर मानकाने कधीच पूर्ण बफरवर ठेवलेला नाही, आणि युनिक्सवर तो बिनबफरच असतो. चुकीची बातमी वाटेत अडकू नये, हा त्यामागचा शहाणा विचार आहे.

हे किती खोल जातं, ते एका छोट्या प्रयोगाने दिसतं. प्रत्येक विद्यार्थ्याने तो स्वतः करून पाहावा. प्रोग्राममध्ये दोनच गोष्टी लिहायच्या: ‘प्रिंटएफ’ने ‘नमस्कार’ आणि त्यापुढे नवी ओळ छापायची, मग ‘फोर्क’ने प्रक्रियेची दुसरी प्रत करायची. लिनक्सच्या टर्मिनलवर चालवला तर एक ‘नमस्कार’ दिसतो. तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, आउटपुट फाइलमध्ये वळवून चालवला तर फाइलमध्ये दोन ‘नमस्कार’ सापडतात. टर्मिनलवर घंटी वाजताच ओळ निघून गेली होती. फाइलकडे जाताना ती सीट भरण्याची वाट बघत बफरमध्येच बसली होती, ‘फोर्क’ने प्रक्रियेबरोबर बफरचीही प्रत केली, आणि शेवटी दोघांनीही आपापला माल खाली उतरवला. ज्याला हे समजलं, त्याला प्रोग्राम कोसळल्यावर आधी छापलेल्या ओळी का सापडत नाहीत, आणि एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला जोडल्यावर पडद्यावर बराच वेळ काहीच का येत नाही, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग सगळंच बिनबफर का करू नये? कारण त्याची किंमत आहे. दहा लाख बाइटांची फाइल एकेक बाइट वाचून आणि एकेक लिहून उतरवली, तर कर्नलच्या दाराशी वीस लाख खेपा होतात. ४०९६ बाइटांच्या घासाने तेच काम वाचायच्या आणि लिहायच्या प्रत्येकी अडीचशेच्या आत खेपांमध्ये होतं. हेच गणित नेटवर्कमध्येही भेटतं. १९८४ साली जॉन नेगल यांनी दाखवून दिलं की एक अक्षर पाठवायला ४० बाइटांचा मथळा लागतो, म्हणजे एका अक्षरापायी ४१ बाइटांचं पाकीट. आधी पाठवलेल्याची पोच येईपर्यंत छोटे तुकडे जमवून ठेवावेत, ही त्यांची सूचना आजही टीसीपीमध्ये आहे आणि तातडीच्या कामासाठी ती बंद करण्याची सोयही आहे. किंमत फक्त वेळेचीही नसते. २००१ साली संशोधकांनी दाखवलं की एसएसएचवरून प्रत्येक कळ वेगळ्या पाकिटातून जाते, तेव्हा मजकूर कूटबद्ध असला तरी दोन पाकिटांमधल्या वेळेवरून काय लिहिलं जातंय याचा सुगावा लागू शकतो. अख्खी ओळ एकदम गेली असती, तर ही फट उघडी पडली नसती.

तरीही बिनबफर इनपुट जिथे लागतं, तिथे लागतंच. बिल जॉय यांच्या व्हीआय संपादकात एक कळ म्हणजे एक आज्ञा असते. पान पुढे सरकवणारा ‘लेस’, पडद्यावरचा खेळ, लिहिता लिहिता शब्द पुरा करून देणारा शेल, या सगळ्यांना एंटरची वाट बघून चालत नाही. पण कच्ची रीत घेतली की कर्नल करत होता ती कामं आपल्या अंगावर येतात. बॅकस्पेस आपण सांभाळायचं. बाहेर पडताना टर्मिनल जसा होता तसा परत करायचा, आणि मधेच प्रोग्राम मोडला तरीही करायचा. नाही केला तर माणसाच्या हाती असा टर्मिनल उरतो, जिथे तो लिहितो आणि काहीच दिसत नाही. ‘एसटीटीवाय सेन’ ही आज्ञा न दिसता लिहूनच त्याला सुटका करून घ्यावी लागते. दुसऱ्याच्या घरातली खुर्ची हलवली तर निघताना जागेवर ठेवावी, इतकी ही साधी सभ्यता आहे.

आणि इथेच माझ्या मताचा खरा पुरावा आहे. वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली की टर्मिनल सहसा एक अक्षर पाठवत नाही, तीन बाइट पाठवतो: २७, ९१ आणि ६५. यातला २७ म्हणजे एस्केप. एकटी एस्केपची कळ दाबली तरी तोच २७ येतो. मग बिनबफर प्रोग्रामला २७ मिळाल्यावर त्याने काय समजायचं? त्याला थोडं थांबावंच लागतं, पुढे काही येतंय का ते बघावं लागतं. एनकर्सेस या लायब्ररीत या थांबण्याला ‘एस्कडिले’ असं नावच आहे आणि त्याची मूळ मुदत १००० मिलिसेकंद आहे. म्हणजे बफर काढायला निघालेल्या माणसाला शेवटी स्वतःचा बफर बांधावा लागला, आणि वर घड्याळही लावावं लागलं.

मराठी लिहिणाऱ्याला तर हे रोजच भेटतं. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ हे एक अक्षर तीन बाइटांचं आहे: २२४, १६४, १४९. ‘गेटचार’ एक बाइट देतं, ‘क’ देत नाही. ‘क्षि’ लिहायला क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट लागतात. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ते ‘एकेक अक्षर वाचणाऱ्या’ फंक्शनला बारा वेळा मागावं लागतं. २२४ आला की अजून दोन यायचे आहेत हे ओळखून थांबायचं, तिन्ही जमले की चिन्ह तयार करायचं. शिजवलेल्या रीतीत लिनक्सच्या कर्नलला यासाठी खास ध्वज द्यावा लागला, नाहीतर बॅकस्पेसने ‘क’चा शेवटचा एकच बाइट जायचा आणि मागे मोडका तुकडा राहायचा. तो ध्वज असूनही ‘कि’वर बॅकस्पेस दाबलं की आधी वेलांटी जाते, ‘क’ राहतो. म्हणजे अक्षर म्हणजे काय, हा प्रश्न यंत्राने सोडवलेला नाही. तो कुठेतरी, कोणीतरी, काही क्षण थांबूनच सोडवावा लागतो.

‘गेटचार’ अक्षर नाही, बाइट देतं, म्हणूनच त्याचं उत्तर ‘कॅर’मध्ये नाही, ‘इंट’मध्ये घ्यायचं, हा नियम प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाडीमांसी मुरायला हवा. बाइटाच्या २५६ शक्यता आणि ‘मजकूर संपला’ ही आणखी एक खूण, एकूण २५७ गोष्टी ‘कॅर’च्या एका बाइटात मावत नाहीत. ‘कॅर’मध्ये घेतलं तर काही यंत्रांवर २५५ हा बाइट भेटताच प्रोग्राम मजकूर संपला असं समजतो, आणि काहींवर शेवट कधीच ओळखत नाही.

यावर एक आक्षेप मला प्रामाणिक वाटतो. पहिल्या महिन्यातल्या मुलाला कर्नल, टर्मिनल, ध्वज हे सगळं सांगून का घाबरवायचं? आधी प्रोग्राम चालू दे, आत्मविश्वास येऊ दे, वाट नंतर कळेल. मुलाला पहिल्या दिवशी टर्मिऑस शिकवा असं मीही म्हणत नाही. पण ‘नंतर’ हा दिवस आपल्या अभ्यासक्रमात येतच नाही. तोडगा चालला की प्रश्न मिटतो, आणि मिटलेला प्रश्न कोणी पुन्हा उघडत नाही. शिवाय वाट समजावायला फळ्यावर चार चौकोन आणि तीन बाण पुरतात: कळ, कर्नल, लायब्ररी, त्यापुढे प्रोग्राम. दहा मिनिटांचं काम आहे. चुकीच्या सवयी मोडायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

माझा निर्वाळा असा. माणसाशी बोलताना ओळ हेच योग्य माप आहे. तिच्यात त्याला चूक सुधारायची संधी मिळते, म्हणून इनपुट ओळीने घ्या आणि मग फोडा. यंत्राने यंत्राशी बोलताना मोठा बफर ठेवा, पण महत्त्वाची ओळ लिहिली की आउटपुटवर एफफ्लश करा. तिथे ते अगदी वैध आहे. चुकीची बातमी स्टँडर्ड एररवर द्या. आणि एका कळीने निर्णय व्हायचा असेल, तेव्हाच कच्ची रीत घ्या. घेताना आधी जुनी स्थिती जपून ठेवा आणि जाताना ती परत करा.

सी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एकच विनंती आहे. पुढच्या बॅचच्या पहिल्या प्रॅक्टिकलला फळ्यावर ते चार चौकोन काढा. मग मुलांना २५ लिहून एंटर दाबायला सांगा, आणि तिसरं अक्षर आता कुठे उभं आहे ते विचारा. उत्तर त्यांना शोधू द्या.